माळ्यावरचा अल्बम

आज माळा आवरताना आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळलेला अल्बम हाताला लागला. पानं एकमेकांना चिकटलेली, हळूहळू सोडवत बसले. मग कसलं आवरणं!

कळसूबाईचे फोटो निघाले. मी पाचवीत असेन. पहाटे नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून एसटीनं घोटी, तिथून पायथ्याचं बारी गाव. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे बाबांनी वाटेत दहा वेळा तरी सांगितलं असेल. लोखंडी शिडीवर मी अर्ध्यात रडायला लागले तेव्हा ते मागून म्हणत होते, "खाली बघू नकोस, माझा हात आहे." त्या फोटोत मी शिडीचा दांडा गच्च धरलाय आणि कोपऱ्यात आईच्या हिरव्या बांगड्या तेवढ्या दिसतात. ती फोटोत कधी यायचीच नाही. रोलमध्ये ३६ फोटो, ते सगळे आम्हा पोरांचे.

त्या बांगड्यांवरून किती वेळ बोट फिरवत होते कोण जाणे.

संध्याकाळी बाबांना दाखवला. चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघितला. म्हणाले, "रविवारी बारीला जाऊ या गं. पायथ्यापर्यंत तरी."

गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय.