आमची वाटचाल : जवळचा माणूस आणि योग्य माणूस

एसी दुरुस्तीचा आमचा व्यवसाय पुण्यात कर्वेनगरमधील एका गाळ्यातून चालतो. सुरुवातीची अनेक वर्षे कॉलचे वाटप भिंतीवरच्या फळ्यावर होत असे आणि नियम एकच होता, जो जवळ असेल त्याने जावे.

या नियमाने आम्ही जवळजवळ बुडालो. ऐन एप्रिलमध्ये चाकणच्या एका कारखान्यातून सर्व्हर रूमचा कॉल आला. तिथले एसी आर-32 या थंडावा देणाऱ्या वायूचे होते, तर सर्वांत जवळ, भोसरीत असलेला आमचा कारागीर आर-22 या जुन्या वायूवर तयार झालेला. आर-32 चा दाब आर-22 च्या दीडपटीहून अधिक असतो आणि हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील आहे, हे या धंद्यातल्यांना वेगळे सांगायला नको. त्याने जुनाच मॅनिफोल्ड गेज (वायूचा दाब मोजण्याचे उपकरण) लावला, होज पाइप फुटला आणि खोलीत वायू पसरला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, पण वार्षिक देखभालीचा करार हातचा गेला. ज्याला मी अडचणीच्या काळात स्वतःचा व्हॅक्यूम पंप वापरायला दिला होता, त्या स्पर्धकाने ही बातमी आमच्या ग्राहकांपर्यंत पोहोचवली आणि आमची तीन माणसे नेली. ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर कॉलच्या वाटपासाठी सॉफ्टवेअर घेतले. प्रत्येक कामाला लागणारे कौशल्य आणि प्रत्येक माणसाचे प्रमाणपत्र मुदतीसह नोंदवले. प्रमाणपत्र नसेल, तर माणूस शेजारच्या इमारतीत असला तरी यादीत त्याचे नावच येत नाही.

कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे डॉक्टर त्या पडत्या काळातही आमच्यासोबत राहिले. त्यांना आमचे जुने मिस्त्रीच हवे असत, म्हणून मी मिस्त्रींचे नाव ‘अनिवार्य’ म्हणून नोंदवले. मिस्त्री गावी गेले असताना तिथला एसी बंद पडला आणि पात्र माणूस मोकळा असूनही सॉफ्टवेअरने कोणालाच पाठवले नाही. डॉक्टरांनी स्वतः फोन केला, तेव्हा मला कळले. ग्राहकाची पसंती ‘प्राधान्य’ म्हणूनच नोंदवावी. ‘अनिवार्य’ फक्त कौशल्य आणि सुरक्षितता. अंतरही किलोमीटरमध्ये न मोजता मिनिटांत मोजावे, कारण संध्याकाळी सहाला नवले पुलाजवळचे तीन किलोमीटर हे तीन किलोमीटर राहत नाहीत.

प्रमाणपत्राची मुदत तपासताना आजची तारीख न धरता कामाची तारीख धरावी लागते. आमच्या दोघांची प्रमाणपत्रे पुढच्या महिन्यात संपत आहेत, त्यामुळे त्यापुढची आर-32 ची कामे त्यांच्या नावावर चढत नाहीत. त्यांचे प्रशिक्षण येत्या सोमवारी ठेवले आहे.