सरळ रेघ कुणाची?

राजकीय पक्ष फुटला की त्याच्या इतिहासाच्या तक्त्यात एक रेघ सरळ जाते, दुसरी वळते. सरळ ती 'मूळ', वळलेली म्हणजे 'बाहेर पडलेले'. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरात एका क्लिकचं काम, पण त्या क्लिकमध्येच आपण निकाल देऊन मोकळे होतो.

सोलापुरात आमचं फ्लेक्सचं दुकान. पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेच्या सरांनी स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी महाराष्ट्रातल्या पक्षांचा तक्ता मागितला. डावीकडं १९४७, उजवीकडं २०२४. विधानसभेत जेवढ्या जागा, तेवढी रेघ जाड.

गाडी अडली १९७८ ला. काँग्रेस फुटलेली, आणि विधानसभेच्या जागा अशा: जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. नुसतं 'काँग्रेस' हे नाव तेव्हा रेड्डी गटाकडं, म्हणजे सरळ रेघ त्यांची. आणि तीच पुढं विरून गेली. जी वळवायची ती इंदिरा काँग्रेस, म्हणजे आजची काँग्रेस! जाडी बघून ठरवावं म्हटलं, तर ६९ आणि ६२ यांत डोळ्याला काय फरक दिसणार?

शेवटी मी कुणाचीच रेघ सरळ ठेवली नाही. फूट पडली की दोन्हीकडं सारखा कोन. वर नाव आणि चिन्ह यांच्या वेगळ्या बारीक पट्ट्या, कारण माणसं, नाव आणि चिन्ह एकाच दिवशी फुटत नाहीत. शिवसेनेचे आमदार जून २०२२ मध्ये गेले, धनुष्यबाण शिंदे गटाला मिळाला फेब्रुवारी २०२३ मध्ये. मध्ये ऑक्टोबर २०२२ पासून निवडणूक आयोगानं ते चिन्ह गोठवलेलं, म्हणून तेवढी पट्टी करडी. राष्ट्रवादीच्या घड्याळाच्याही तारखा वेगळ्या: फूट जुलै २०२३, आयोगाचा निर्णय फेब्रुवारी २०२४. बैलजोडी, गायवासरू, हात ही काँग्रेसची चिन्हं मात्र एकाखाली एक छान बसली. (चिन्हांचं फोल्डर आमच्याकडं तयारच असतं, धंदाच तो.)

दुकानात आलेला प्रत्येक कार्यकर्ता स्क्रीनवर वाकून एकच सांगायचा, "भाऊ, आमची तेवढी सरळ कर की." दोन्ही गटांचे!

खाली मी आमच्या जिल्ह्यातल्या सांगोला मतदारसंघाची एक पट्टी जोडली, कुणी न मागता. शेकापची (शेतकरी कामगार पक्षाची) लाल रेघ राज्यात दोऱ्याएवढी होत गेली, पण सांगोल्यात गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा आमदार, पक्ष एकच. रंग बदलावाच लागत नाही. मध्ये १९७२ आणि १९९५ ला खंड. २०१९ ला तिथं सेनेचे शहाजीबापू पाटील आले, आणि सेना फुटली तेव्हा 'काय झाडी, काय डोंगार' गुवाहाटीहून तेच बोलले. २०२४ ला गणपतरावांचे नातू बाबासाहेब, पुन्हा शेकाप, पुन्हा लाल.

सर म्हणाले, "एका मतदारसंघाला एवढी जागा कशाला ओ?" म्हटलं, सर, तक्ता सोलापुरातच लागणार आहे ना. त्या पट्टीचे पैसे लावले नाहीत.