त्रेसष्ट ऐकून छत्तीस

माझा धाकटा भाऊ तिसरीत होता तेव्हा बाईंनी ‘त्रेसष्ट’ म्हटलं की हा ३६ लिहायचा. वही लाल गोलांनी भरलेली असायची. आई म्हणायची, लक्षच नाही ह्याचं. पण सुट्टीच्या दिवशी आईबरोबर बाजारात भाजीच्या पाटीमागं बसला की हाच पोरगा कन्नड गिऱ्हाइकाला ‘अरवत्तमूरु’ सांगून सुट्टे पैसे चोख परत करायचा. लक्ष नसतं तर तिथंही चुकला असता. बेळगावात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, ते हा प्रश्न डोक्यात घेऊनच.

आमच्या कॉलेजात कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे डोकं माहिती कशी हाताळतं याचं शास्त्र, असा विषय नव्हता. स्मृती आणि अवधान यांवर एक धडा होता, तेवढाच. बाकीचं एनपीटीईएलची (आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची) फुकटची व्याख्यानं ऐकत, ग्रंथालयातल्या कोपऱ्यातल्या संगणकावर वाचत गोळा केलं. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या एका परिसंवादात न्यूएल आणि सायमन हे संशोधक संगणकाच्या तर्कावर बोलले, भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की भाषेच्या रचनेवर बोलले, आणि मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी पुढं त्या दिवसालाच या शास्त्राचा जन्मदिवस मानलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ नोव्हेंबर १९५६ ला, आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी त्या माझ्या वहीत एकाखाली एक लिहिलेल्या आहेत, कारण माझा प्रश्न दोन्हींतून आलाय.

प्रश्न असा. मराठीत आपण एकक आधी म्हणतो, दशक मागून: त्रे-सष्ट, पंच-वीस, सत्ता-वन्न. कन्नडमध्ये उलटं. ‘अरवत्तमूरु’त साठ आधी, तीन नंतर, म्हणजे कागदावर जसं लिहितो तसंच. त्यात मराठीचं ‘एकोण’ वेगळंच, पुढच्या दशकातून एक वजा. सीमाभागातलं मूल सकाळी शाळेत एक क्रम ऐकतं, संध्याकाळी दुकानात दुसरा. मग ऐकलेला आकडा लिहिताना त्याच्या डोक्यात नेमकं काय होतं? जगात हे आमच्याकडंच आहे असंही नाही. जर्मनमध्येही एकक आधी येतो, आणि लक्झेंबर्गमध्ये मुलं परंपरेनं प्राथमिक शाळेत गणित जर्मनमधून शिकतात, माध्यमिकला फ्रेंचमधून, जिथं दशक आधी येतो. त्या मुलांवर झालेलं संशोधन वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

मार्गदर्शक मिळणं सगळ्यात अवघड गेलं. मी अकरा प्राध्यापकांना ईमेल केले: मुलं अंक उलटे लिहितात ते दुर्लक्षानं नव्हे, शब्दातल्या क्रमामुळं, असं माझं म्हणणं. उत्तर एकच आलं, भाषाविज्ञानाच्या एका मॅडमचं, आणि तेही एकाच ओळीचं: “तुझं म्हणणं चुकीचं असेल, तर ते तुला कशावरून कळेल?” मी आठ दिवस विचार केला. शेवटी लिहिलं की मुलं मराठी आणि कन्नड दोन्हींत सारखेच अंक उलटे लिहीत असतील, तर माझं म्हणणं चुकीचं. मॅडमनी फोन नंबर पाठवला. पदवीच्या तीन वर्षांत मी जे काही शिकले, त्यातलं अर्धं त्या एका ओळीत होतं असं मला वाटतं.

धीर दिला तो मेंदूविकारतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या अभ्यासानं. हैदराबादच्या ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत, दोन भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा झालेला दिसला, शाळेची पायरी न चढलेल्यांतसुद्धा. पुढं इतर काही अभ्यासांत असा फायदा दिसला नाही, त्यामुळं तो वाद मिटलेला नाही. पण माझी आजी निरक्षर आहे आणि मराठी, कन्नड दोन्ही सराईत बोलते. आपल्या घरातली गोष्ट संशोधनाचा विषय होऊ शकते, हे मला त्या लेखानं पहिल्यांदा दाखवलं.

मग कागदपत्रं. मुलांवर अभ्यास करायचा तर पालकांची लेखी संमती हवी. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणं सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकारही हवा. माझं एक पत्र एका कार्यालयात पाच आठवडे पडून होतं, त्यापायी पहिलं सत्र वाया गेलं. संमतीपत्र मी आधी पुस्तकी मराठीत लिहिलं होतं. एका आईनं ते वाचून विचारलं, “पोरांचं काय चुकालंय काय?” तेव्हा सगळं फाडून बोलीत लिहिलं, आणि पहिलंच वाक्य घातलं: ही परीक्षा नाही, मार्क नाहीत.

खानापूर तालुक्यातल्या ज्या मराठी शाळेत गेले, तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बसवून घेतलं. “हे करून तू काय दाखवणार गं? मराठी अवघड आहे म्हणून? तिकडं महाराष्ट्रात २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ आलं तर केवढा गदारोळ झाला. इथं आम्ही एकेक पोर गोळा करून शाळा टिकवालाव.” त्यांची भीती खोटी नव्हती. आमच्याकडं भाषेवर बोट ठेवलं की माणसं आधी तू कुठल्या बाजूची ते बघतात. मी त्यांना कबूल केलं की अहवालात ‘अवघड’, ‘सोपी’ हे शब्द येणार नाहीत, आणि छापायच्या आधी मसुदा त्यांना दाखवीन. दोन्ही पाळलं.

पहिल्या दिवशी मोठी चूक केली. सगळ्या मुलांना आधी मराठी यादी सांगितली आणि मागून कन्नड. संध्याकाळी मॅडम फोनवर म्हणाल्या, “कन्नडमध्ये कमी चुका झाल्या त्या भाषेमुळं, की तोवर हात बसला म्हणून?” माझ्याकडं उत्तर नव्हतं. ती नऊ मुलांची नोंद बाजूला काढली. पुढं निम्म्यांना मराठी आधी, निम्म्यांना कन्नड आधी.

मी उत्तरं तपासत होते, पण खरी गोष्ट उत्तरात नव्हतीच. मोबाईल स्टँडवर उलटा बांधून मी फक्त वही आणि हात टिपत होते. एका मुलीला ‘पंचवीस’ सांगितलं. तिनं पेन्सिल चौकोनाच्या उजव्या बाजूला टेकवली, ५ लिहिला, डावीकडं बरोब्बर एका अंकाची जागा सोडून. मग हात मागं नेऊन २ लिहिला. वहीत २५, अगदी बरोबर. थोड्या वेळानं कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ सांगितलं तर तिनं सरळ डावीकडून २ आणि मग ५ लिहिला. तयार वही बघणाऱ्याला दोन्ही पंचवीस सारखेच दिसले असते. ‘एकोणपन्नास’ला ती थांबली. “अक्का, फिरून म्हणा की.” मी म्हटलं. तिनं उजवीकडं ९ लिहिला आणि मागं जाऊन ५. म्हणजे ‘एकोण’मध्ये नऊ आहे हे तिला ठाऊक होतं, फक्त पन्नासातून एक दशक खाली उतरायचं राहून गेलं. ही दुर्लक्षाची चूक नव्हे. नियम बरोबर लावून एक पायरी कमी पडलेली चूक आहे.

माझ्या भावानं ती जागा सोडली नसणार, एवढंच. ऐकलं तसं आधी तीन, मग सहा.

मुलं थोडी, शाळा एकच, त्यामुळं अहवालात मोठा दावा केला नाही. उलटे अंक मराठी यादीत जास्त दिसले, कन्नडमध्ये क्वचित, इतकंच लिहिलं. बाईंना मसुद्याबरोबर तो व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला, काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी गेले तेव्हा शुद्धलेखनासारखे आकडे सांगताना त्या फळ्यापाशी नव्हत्या, बाकांच्या मधून मुलांच्या पाठीमागनं फिरत होत्या, नजर हातांवर.

आता मला कन्नड माध्यमात शिकणारी, घरी मराठी बोलणारी मुलं बघायची आहेत. त्यांचा शाळेतला क्रम आणि घरातला क्रम यांची अदलाबदल झालेली असते. कन्नड संमतीपत्र लिहून झालंय, शेजारच्या काकूंनी दोनदा दुरुस्त करून दिलं. मंगळवारी दुपारच्या सुट्टीनंतर शाळेत बोलावलंय.