तुम्ही विचारलंत म्हणून: धुक्यात कसले पक्षी दिसतात?

शहाद्यात चहाच्या टपरीवर असो की लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न येतोच. "धुकामा तठे काय देखस भो?" फाल्गुनात अवकाळी पाऊस पडून गेला आणि रात्री आभाळ निवळलं की पहाटे मी तोरणमाळच्या वाटेला लागतो, हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय.

दिसतं फार थोडं. भिजलेली जमीन रात्रीत गार पडते आणि तिथल्या यशवंत तलावावर धुकं असं बसतं की काठावरची झाडंही हरवतात. दुर्बिणीच्या काचा पुसून पुसून रुमाल ओला होतो. मग दुर्बीण छातीवर सोडून मी दगडावर बसून राहतो आणि ऐकतो. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याची लांबलचक खिंकाळी. टिटवी. वारकरी पक्षी पाण्यावरून धावत उडायला लागले की त्यांच्या पायांची चपचप.

मागच्या वर्षी हळदी-कुंकू बदकांची जोडी पाच-सहा हातांवर आली. एरवी शंभर पावलांवरूनच उडणारा हा पक्षी! काळी चोच, तिच्या टोकाला हळद आणि मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचे टिपके. हे नाव ज्याने ठेवलं, त्यानेही ते असंच जवळून पाहिलं असणार. एकाने मान झटकली, पाठीवरचे थेंब मण्यांसारखे घरंगळले. मी हात हलवला नाही, वहीसुद्धा उघडली नाही.

आणि आमचा रानपिंगळा, रानातलं छोटंसं घुबड. १८८४ नंतर त्याचा पत्ता नव्हता, तो नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. ११३ वर्षांनी! तोही दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसणारा पक्षी. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतातच. शाळकरी वयापासून मी या रानाच्या कडेने जात-येत होतो, आणि एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. तेव्हापासून "काही दिसत नाही" म्हणून माघारी फिरणं मला जमत नाही. तो राहतो ते सागाचं रान विरळ होताना बघून तर जीव तुटतो.

नऊच्या सुमारास धुकं फाटतं. तोवर बदकं पलीकडच्या काठाला गेलेली असतात. त्या दिवशी वहीत लिहिलं: ऐकले अकरा, दिसले चार.