तुम्ही विचारलंत म्हणून: ठिपकीला ‘पॉइंट’ कोणी शिकवला?

गणपतीला अमेरिकेत, साउथ डकोटातल्या आमच्या सू फॉल्सच्या घरी मंडळी जमतात. आरती होते, हातात मोदक येतो आणि कोणाची तरी नजर दाराजवळच्या फोटोवर जाते. गुडघाभर गवतात आमची शिकारी कुत्री ठिपकी उभी. शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला, नाक वाऱ्यावर. लपलेल्या पाखराचा वास आला की कुत्रं असं जागीच थबकतं, तोच ‘पॉइंट’. ‘असं पुतळ्यासारखं उभं राहायला शिकवलंत कसं हिला?’ दरवर्षी हाच प्रश्न. माण तालुक्यातल्या आमच्या तात्यांनी तेवढा फोनवर वेगळा विचारला होता, ‘पायात काटा गेलाय काय रं तिच्या?’

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. उभं राहायला मी शिकवलंच नाही. ठिपकी जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर. झडप घालण्याआधी शिकारी जनावर जरासं दबा धरतं. या कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांनी ते थबकणं पिढ्यान्‌पिढ्या लांबवत नेलं. ती दोन महिन्यांची असताना मी गळाच्या काठीला फेझंटचा, म्हणजे इथल्या कोंबड्यासारख्या रानपक्ष्याचा, पंख बांधून अंगणात फिरवला. दोन-तीनदा झेपावली, हाती काही लागेना, तशी थबकली. बोटभर शेपूट वर आणि सगळं अंग थरथरतंय. पण हा खेळ आठवडाभरातच बंद केला. त्यात ती डोळ्यांनी बघून थांबते आणि रानात पाखरू दिसत नाही, त्याचा वास येतो. पंखाची चटक लागलेलं पिल्लू नाक वापरायचा आळस करतं.

शिकवावं लागतं ते पुढचं. वास आला, थांबली. आता मी पुढे जाऊन पाखरू उठवेपर्यंत, ते उडाल्यावर आणि बंदुकीचा बार झाल्यावरही जागचं हलायचं नाही. पहिला मोसम मी तिला मनसोक्त पळू दिलं, मागे लागू दिलं. हौसच मेली तर शिकवायचं कोणाला? मग दोर आला. इथे चेक कॉर्ड म्हणतात, तीसेक फुटांचा असतो. माझ्या लेखी तो कासरा. वडील खोंड औताला लावायचे तेव्हा कासरा ओढताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. हातात असायचा एवढंच. इथले लोक हुकूम देतात ‘व्हो’. तो ‘नो’सारखा ऐकू येतो, म्हणून मी ‘थांब’ ठेवला. ताटलीपुढे थांब, फाटकात थांब, फळीवर उभं राहून थांब. माझ्याबरोबर शिकारीला येणारे सत्तरीचे शेजारी आता तिला ‘ठांब’ म्हणतात. तेही ती ऐकते.

माझी घोडचूक लाव्ह्यांची. सरावासाठी पाळीव लावे विकत आणले आणि दंव पडलेल्या गवतात लपवले. ठिपकीनं झकास पॉइंट धरला. मी पाय आपटला, पण भिजलेला लावा उडालाच नाही, चार पावलं चालला. तिनं झडप घातली आणि तो जिवंत लावा तोंडात धरून इतक्या आनंदानं माझ्याकडे आली की रागवायलाही होईना. महिन्याभराची मेहनत पाण्यात. त्यानंतर प्रत्येक पॉइंटवर ती हळूच एक पाऊल सरकायची. मग अजून एक.

उपाय कबुतरांनी केला. मागच्या अंगणात ढाबळ बांधली, घरी परतणारी कबुतरं पाळली. स्प्रिंगच्या पिंजऱ्यात कबूतर ठेवून पिंजरा गवतात लपवायचा, रिमोटचं बटण माझ्या खिशात. ठिपकी वाऱ्यावरून वास घेत येते, थांबते. तिनं एक पाऊल जरी टाकलं की बटण दाबायचं. फर्रर्र! कबूतर गेलं. ओरडायचं नाही, दोराला हिसका द्यायचा नाही. सरकलं की पाखरू जातं, हा हिशेब तिला तीन आठवड्यांत कळला. आणि आम्ही गाडीनं घरी पोचावं तर तीच कबुतरं ढाबळीच्या छपरावर दाण्यासाठी आधीच हजर.

बंदुकीच्या बाराचं म्हणाल, तर दिवाळीत पलंगाखाली शिरलेलं कुत्रं तुम्हीही पाहिलंय. इथेही हौसेनं पिल्लाला थेट नेमबाजीच्या मैदानावर नेणारे आहेत. त्यांचं कुत्रं पुढे नुसती बंदूक दिसली तरी गाडीखाली जातं. आम्ही ठिपकी कबुतरामागे पळण्यात दंग असताना शंभर पावलांवरून नुसत्या आवाजाचं काडतूस उडवायचो. दर खेपेला थोडं जवळ, तिनं कान हलवला की पुन्हा लांब. (गावाकडे यातलं काही करायला जाऊ नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तितर-लावे मारल्यास तुरुंग आहे.)

फेझंट हा मूळचा चीनचा. 1881 च्या सुमारास तो अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आणला गेला आणि आता साउथ डकोटाचा राज्यपक्षी आहे. इथे नरच मारायचा, माणशी दिवसाला तीन. रानातला कोंबडा लाव्ह्यासारखा बसून राहत नाही, गवतातून सुसाट पळतो, आणि कुत्र्यानं जमवलेलं सगळं तिथे कसाला लागतं. (तंगडीतल्या शिरा मात्र तारेसारख्या; रश्श्यात मी छातीच घालतो.)

दुसऱ्या मोसमात, नोव्हेंबरात, गोठलेल्या तळ्याकाठच्या पाणकणसांत ठिपकी थांबली. मी पुढे गेलो. माझ्या पायाखालून फडफडाट झाला, शेजारी ओरडले, ‘हेन!’ मादी होती. मी बंदूक खाली केली. ठिपकी थरथरत होती, पण चारही पाय जिथल्या तिथे. फक्त मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

शेजाऱ्यांनी काढलेला व्हिडिओ मी तात्यांना पाठवला. दहा मिनिटांत फोन आला. ‘एवढं कुत्रं उभं ऱ्हायलं, आन् तू बार काढला न्हाईस?’