नकाशावरचे ठिपके पायाखाली घालताना

पुढची गाडी थेट संध्याकाळी होती आणि बॅग ठेवायची सोय स्टेशनवरच झाली, म्हणून दिवसभर गाव पायाखाली घालायचं ठरवलं. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे एका घराचा विषय येणार आहे, तिथे उगाच कुणी जायला नको.

अनोळखी ठिकाणी उतरलो की मी आधी इन्ग्रेस उघडतो. हा खऱ्या नकाशावर, प्रत्यक्ष फिरून खेळायचा मोबाइलवरचा खेळ. त्यातली बहुतेक पोर्टल, म्हणजे खेळात नोंदलेल्या खऱ्या जागा, कुणा ना कुणा खेळाडूने सुचवलेली आणि इतर खेळाडूंनी पास केलेली असतात. खेळ 2012 साली आला, त्याच धर्तीचा पोकेमॉन गो 2016 मध्ये, आणि त्यातले सुरुवातीचे पोकेस्टॉप, म्हणजे त्या खेळातल्या अशाच जागा, याच पोर्टलांमधून उचलले गेले. 2019 पासून असे प्रस्ताव तपासायला वेफेरर नावाची वेबसाइट आहे. मी तिथे नियमित रिव्ह्यू करतो, त्यामुळे माझी भटकंती अर्धी तपासणीच असते. एरवी स्क्रीनवर दोन फोटो आणि चार ओळी बघून हो-नाही ठरवायचं. इथे ती जागा प्रत्यक्ष समोर.

स्टेशनसमोरचं कारंजं, घड्याळाचा मनोरा, बागेचं प्रवेशद्वार: यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. पुढे गल्लीत शिरलो तर ‘नक्षीदार दरवाजा’ नावाचं पोर्टल. फोटोत दरवाजा खरोखर देखणा, वेलबुट्टी, पितळी कडी. जागेवर मात्र दरवाजाशेजारी टपालपेटी, दोन सायकली आणि खिडकीत वाळत घातलेले मोजे. सरळसरळ राहतं घर. फोटो असा बेतून कापला होता की यातलं काहीच दिसू नये. खाजगी राहत्या घराच्या आवारातली वस्तू कितीही सुंदर असली तरी नियमात बसत नाही, आणि नियम योग्यच आहे. अनोळखी माणसं रात्री-अपरात्री दाराशी मोबाइल घेऊन घुटमळतात, म्हणून अमेरिकेत घरमालक कोर्टात गेले होते. मी पोर्टल काढून टाकण्याची विनंती पाठवली आणि दारासमोरून पटकन सटकलो, कारण मोबाइल घेऊन घुटमळणारा आता मीच होतो.

रिव्ह्यू करताना मुख्य फोटोपेक्षा सपोर्टिंग फोटो नीट बघावा, असं माझं ठाम मत आहे. मुख्य फोटो वस्तू दाखवतो, सपोर्टिंग फोटो तिचा शेजार दाखवतो. आणि खरं-खोटं कळतं ते शेजारावरूनच.

नदीकाठच्या पायवाटेवर दिशादर्शक खांब लागले. यांच्यावरून रिव्ह्यूअरांमध्ये कायम जुंपलेली असते. एक गट म्हणतो, कारखान्यात ढिगाने बनणारा खांब, त्यात कसलं महत्त्व? माझा कल दुसरीकडे. निकष तीन आहेत: जागा शोधून पाहण्यासारखी असावी, चालायला-व्यायामाला ओढून नेणारी असावी, किंवा लोक जमतील अशी असावी. यातला एक पुरे. लाकडी खांब, त्यावर पिवळा बाण, खाली वाटेचं नाव आणि पुढच्या पुलापर्यंतचं अंतर. अंतराचा आकडा बोटं फिरून फिरून गुळगुळीत झालेला. मी तो वाचला आणि पुलापर्यंत चालत गेलो. माणसाला चालतं करण्याचं काम त्याने चोख केलं, आणखी काय हवं? पण वाटेचं नाव नसलेला नुसता बाण असता, तर मीही पास केला नसता.

पुलाच्या खांबावर, माझ्या डोक्याच्याही वर, तळहाताएवढी धातूची पट्टी ठोकलेली दिसली. त्यावर एक आडवी रेघ आणि एक साल. पूर आला तेव्हा पाणी इथपर्यंत चढलं होतं. टाचा उंचावून हात वर केला, तरी रेघ वीतभर वरच राहिली. खेळात हिचा पत्ता नव्हता. लगेच नॉमिनेशन केलं: एक फोटो पट्टीचा, दुसरा चार पावलं मागे येऊन, पायवाट आणि पुलाचा खांब एकत्र दिसतील असा. वर्णनात विशेषणं टाळली, रेघ कशाची आहे तेवढं लिहिलं. मात्र पुलाच्या तोंडावर आधीच एक पोकेस्टॉप आहे. पोकेमॉन गो नकाशावर साधारण 70-80 मीटरचे चौकोन धरतो आणि सहसा एका चौकोनात एकच स्टॉप दाखवतो. म्हणजे पट्टी पास झाली तरी तिथे बहुधा दिसणार नाही. इन्ग्रेसमध्ये दिसू शकेल. खेळात दिसलं नाही म्हणजे जागा बिनमहत्त्वाची, असा समज अनेकांचा असतो. खरं तर न दिसणं हा नुसता चौकोनांचा हिशेब आहे.

पलीकडच्या काठावर युद्धात मेलेल्यांचं स्मारक होतं. तिथे मात्र मी खेळ बंद केला. 2016 साली हिरोशिमा शहराने आपलं शांती स्मारक उद्यान आणि आउशविट्झच्या (नाझी छळछावणीच्या) संग्रहालयाने आपलं आवार पोकेमॉन गोमधून वगळा, अशी मागणी केली होती. महत्त्वाला तिथे तोटा नव्हता, पण तिथे येणाऱ्यांसमोर कुणी पोकेमॉन पकडत उभं राहावं हे त्यांना नको होतं. निकषांच्या यादीत हे नीटसं बसवता येत नाही. अशा ठिकाणी मी ती जागा सांभाळणाऱ्यांचं म्हणणं खेळाडूंच्या म्हणण्यापेक्षा वरचं धरतो.

गाडीत बसल्यावर रिव्ह्यू उघडले. पहिलंच नॉमिनेशन एका बाकाचं. साधा बाक, ना नावाची पट्टी, ना समोर बघण्यासारखं काही. सपोर्टिंग फोटोत तसलेच आणखी बाक ओळीने. खाली आर्जव: ‘माझ्या घराजवळ एकही स्टॉप नाही, कृपया पास करा.’ अडचण खरी असणार. खेळाडू कमी तिथे स्टॉप कमी, हे सगळीकडेच आहे. पण त्याने बाक महत्त्वाचा होत नाही. नाकारलं. त्याच खेळाडूच्या नकाशावर बाकांच्या पलीकडे एक छोटं गोल छप्पर दिसत होतं, बहुधा बसायचा मंडप. तो सुचवला असता तर डोळे झाकून हो म्हटलं असतं. म्हणजे, सपोर्टिंग फोटो बघून.