ईस्टर संमेलनातील साक्षींचा तास

21 मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढच्या रविवारी, म्हणजे 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान केव्हातरी, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, आमच्या मंडळीचे (चर्चचे) वार्षिक ईस्टर संमेलन भरते. प्रारंभीची प्रार्थना, अहवालवाचन, पाहुण्यांचे स्वागत हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. त्याविषयी वेगळे काही लिहिण्याजोगे नाही. मी वाट पाहत असतो ती त्यानंतरच्या साक्षींच्या तासाची.

ज्यांच्या घरातील माणूस त्या वर्षी प्रभूमध्ये निजले, म्हणजे मरण पावले असेल, त्यांच्यापैकी कोणीतरी येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे मेलेल्यांतून उठण्याचा, वृत्तांत वाचावा आणि मनात येईल ते बोलावे, अशी आमच्याकडे प्रथा आहे. एका वर्षी पती गमावलेल्या एका वृद्ध भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय वाचायला घेतला. मग्दालीया मरीया रिकाम्या कबरेपाशी रडत उभी आहे, समोर उभा असलेला येशू तिला माळी वाटतो आणि तो तिला फक्त नावाने हाक मारतो, त्या ओळीवर त्या थांबल्या. पुस्तकावरचे बोट तसेच ठेवून त्या म्हणाल्या, “घरात मला सगळे आई म्हणतात, आजी म्हणतात. नावाने हाक मारणारे एकच माणूस होते. मरीयेने काय ऐकले असेल, ते मला यंदा कळले.” मग थोड्या वेळाने त्यांनी उरलेला अध्याय शेवटपर्यंत वाचला, आवाज न कापता.

पुनरुत्थानावरील विद्वत्तापूर्ण प्रवचने मी पुष्कळ ऐकली आहेत आणि त्यांचे मोल मी जाणतो. ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणाही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात किती रोखठोकपणे म्हटले आहे! पण त्याच अध्यायात उठलेल्या प्रभूला पाहिलेल्यांची, पाचशेहून अधिक बंधूंसह, यादीही आहे. म्हणजे मंडळीचा विश्वास पहिल्यापासून साक्षीवरच उभा आहे. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी प्रथम पोहोचतात त्या स्त्रियाच. उठलेल्या येशूने थोमा या शंका घेणाऱ्या शिष्याला दाखवलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. नवे जीवन म्हणजे जुन्या दुःखाचा विसर पडणे नव्हे, हे त्या भगिनीच्या साक्षीत मला जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही प्रवचनात दिसले नव्हते.

रविवार शाळेच्या मुलांनी सादर केलेला अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघा शिष्यांना उठलेला येशू भेटतो, तो नाट्यप्रवेशही मनात राहिला आहे. त्याने भाकर मोडताच त्यांना प्रभूची ओळख पटते, त्या क्षणी धाकटा शिष्य आपले वाक्य विसरला आणि नुसताच टक लावून पाहत राहिला. लूकच्या शुभवर्तमानातील वृत्तांताशी ते पाहणे तंतोतंत जुळले.

एक खंत मात्र लिहिलीच पाहिजे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांच्या उपासनेला बसायला जागा उरत नाही. तीच माणसे ईस्टरच्या पहाटे आणि नंतरच्या संमेलनाला दिसत नाहीत. क्रूसापाशी तीन तास बसणाऱ्यांनी रिकाम्या कबरेपर्यंत का येऊ नये, हे मला आजवर उमगलेले नाही.

ज्यांच्यामुळे हे संमेलन उभे राहते त्यांचा उल्लेख राहू नये. अंधार असतानाच दारे उघडून सतरंज्या घालणारे बंधू; पेटीवर साथ करणाऱ्या शिक्षिका; मुलांचे प्रवेश बसवणाऱ्या दोघी बहिणी; आजारी व वृद्ध सभासदांना घरून आणून पुन्हा पोहोचवणारे तरुण; ध्वनिक्षेपक सांभाळणारे काका; फुलांची सजावट करणाऱ्या भगिनी; सर्वजण निघून गेल्यावर झाडलोट करणारे कुटुंब; आणि साक्ष देणाऱ्यांना आधी घरी जाऊन धीर देणारे आमचे पाळक व त्यांच्या पत्नी. मुलांचे प्रवेश बसवणाऱ्या दोघींपैकी थोरल्या बहिणीला आता फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून पुढील वर्षीच्या सरावासाठी मंडळीतील तरुणींनी आपली नावे त्यांच्याकडे आताच द्यावीत.